मैदानावरचा धुरळा

मुंबईत दादरला शिवाजी पार्क नावाचे मोठे मैदान आहे. मुंबईबाहेरच्या पुष्कळ लोकांनीही त्याचे नाव ऐकलेले असते. कोणी सभेला तिथे गेलेला असतो. कोणी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येतो आणि रात्री तिथेच पथारी टाकतो. क्रिकेटचा शौक असलेल्याला तर हे नाव सांगावेच लागत नाही. या मैदानाच्या दुरुस्तीवरून बरीच वर्षे वाद चालला. वाद दिसायला मातीचा आहे. पण त्या मातीखाली इतर गोष्टीही दडलेल्या आहेत. त्या आपण नीट पाहू.

आधी मैदानाची ओळख करून घेऊ. मुंबई महापालिकेने हे मैदान १९२५ साली लोकांसाठी खुले केले. तेव्हा त्याला माहीम पार्क म्हणत. १९२७ साली शिवाजी महाराजांच्या जन्माची तीनशे वर्षे साजरी झाली, तेव्हा त्याला महाराजांचे नाव मिळाले. मैदान सुमारे अठ्ठावीस एकरांचे आहे. भोवती बसायला बुटका दगडी कट्टा आहे. त्या कट्ट्याला एक फेरी मारली की १.१७ किलोमीटर चालणे होते. मैदानाला उंच कुंपण नाही. तिकीट नाही. कोणीही यावे, बसावे, खेळावे. एका कडेला पोरे मल्लखांबावर चढतात, दुसरीकडे जाळी लावून क्रिकेटचे शिक्षण चालते, तिसरीकडे म्हातारी माणसे गप्पा मारत बसतात. रमाकांत आचरेकर सरांनी याच मातीवर मुले घडवली. सचिन तेंडुलकर त्यांतलाच एक. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या मोठमोठ्या सभाही इथेच झाल्या.

आता मातीकडे वळू.

मैदानावर रोज शेकडो पाय पडतात. गवत तुडवले जाते. जागोजाग खड्डे पडतात. खड्डे बुजवायला, मैदान सपाट करायला माती लागतेच. मधल्या काळात इथे लाल माती आणून टाकली गेली. पावसाळ्यात ती बसून राहिली. पुढे ऊन तापले, माती सुकली, आणि वारा सुटला की तांबडा धुरळा घराघरांत शिरू लागला. मैदानाभोवती राहणाऱ्यांची तक्रार अशी की, खिडकी उघडायची सोय राहिली नाही. सकाळी पुसलेले टेबल दुपारी पुन्हा तांबडे होते. वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. हे झाले घरकामाचे. पण ज्याला दमा आहे, ज्याच्या घरात तान्हे मूल आहे, त्याची काळजी नुसत्या पुसण्याने जात नाही.

लाल मातीच का उडते? माती म्हणजे लहानमोठ्या कणांचे मिश्रण. त्यात वाळूचे कण सर्वांत मोठे. बोटांत चोळले तर ते खरखर लागतात. त्याहून बारीक कणांना आपण गाळ म्हणतो. नदीला पूर येऊन गेला की काठावर राहतो तो. आणि सर्वांत बारीक ती चिकणमाती. माती लाल दिसते ती लोखंडाच्या गंजामुळे. रंगाने काही बिघडत नाही, बिघडते ते कणाच्या आकाराने. ओली असताना बारीक माती घट्ट धरून बसते, म्हणून टाकणाऱ्याला वाटते की काम छान झाले. सुकली, वरून हजार पाय फिरले, की तिचे पीठ होते. चक्कीत गहू दळावा तसा हा प्रकार आहे. फरक इतकाच की इथे दळणारे आपले बूट आणि चपला असतात.

आणि वारा तर तिथे ठरलेलाच आहे. मैदानाच्या पश्चिमेला पाच मिनिटे चालले की समुद्र लागतो. दिवसा उन्हाने जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश तापतो. जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा आत येते. म्हणून दुपारी वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. उकाड्यात हा वारा सुखाचा वाटतो. पण वाटेत अठ्ठावीस एकर मोकळे पीठ पडले असेल, तर वारा ते उचलूनच पुढे जाणार.

धुळीचे कण मोजायला मायक्रॉन नावाचे माप आहे. एक मिलिमीटरचे हजार भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. दहा मायक्रॉनपेक्षा मोठा कण नाकातल्या केसांत, शेंबडात अडकतो. शिंक येते, मोकळे होते. दहाहून लहान कण घशाखाली उतरतो. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसाच्या अगदी आतल्या फुग्यांपर्यंत पोचतो. आपल्या देशात २००९ सालापासून असे मानक आहे की, एक घनमीटर हवेत दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीचे दिवसाचे प्रमाण १०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि अडीच मायक्रॉनपर्यंतच्या धुळीचे ६० च्या वर जाऊ नये.

मैदानाची धूळ बहुतेक जाड कणांची असते. अडीच मायक्रॉनची बारीक धूळ जास्त करून धुरातून येते, म्हणजे मोटारी, कारखाने, जाळलेला कचरा यांतून. तेव्हा दादरच्या हवेत जे काही वाईट आहे ते सगळे मैदानानेच केले असे म्हणणे बरोबर नाही. आसपास जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहतात, त्यांचीही धूळ असतेच. पण म्हणून मैदानाची धूळ काहीच नाही, असे म्हणणेही तितकेच चूक. दम्याच्या माणसाला जाड धूळही पुरते. छाती भरून येते, घरघर सुरू होते, रात्रीची झोप जाते. 'खोकला काय, सगळ्यांनाच येतो' असे म्हणणाऱ्याने एकदा दम्याच्या माणसाजवळ रात्र काढावी.

लोकांनी अर्ज केले, सभा घेतल्या, वर्तमानपत्रांतून लिहिले. २०२१-२२ च्या सुमारास पालिकेने एक नवी योजना हाती घेतली. पावसाचे पाणी जिरवणाऱ्या विहिरी खणायच्या, त्या पाण्याचे फवारे मैदानावर मारायचे आणि गवत वाढवायचे. कागदावर ही योजना चांगली होती, असेच आम्हांला वाटते. तरीही धुरळ्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने पालिकेला वरची माती काढायला सांगितले. पालिकेने मुंबईच्या आयआयटीतल्या जाणकारांचा सल्ला घेतला. माती काढावी की ठेवावी, यावर पुन्हा चर्चा झाली.

पाणी शिंपडले की झाले, असे पुष्कळांना वाटते. अंगणात सडा घातला की धूळ बसते, मग मैदानावर का बसू नये? बसते ना. पण हिशेब करून पाहू. साक्षर माणसाने हिशेब सोडू नये.

एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाणी उभे केले तर ते भरते बरोबर एक लिटर. मैदान आहे सुमारे १ लाख १३ हजार चौरस मीटर. म्हणजे सगळ्या मैदानावर नुसता एक मिलिमीटरचा सडा घालायचा तर १ लाख १३ हजार लिटर पाणी हवे. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर अकरा टँकर भरून वर थोडे उरते. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी माप आहे. घरात पाच माणसे धरा. तर हा एक सडा म्हणजे १६७ घरांचे दिवसभराचे पाणी. आणि टिकतो किती? उन्हाळ्यात मुंबईच्या उन्हाने दिवसाला चार-पाच मिलिमीटर पाणी सहज उडून जाते. सकाळचा सडा दुपारपर्यंत वाळला. पुन्हा घाला.

आता हाच हिशेब पावसाळ्यात उलटा लागतो. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच जवळजवळ सगळा पाऊस पडतो. एखाद्या दिवशी १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि असे दिवस मुंबईत दरवर्षी येतात, तर त्या एका दिवसात मैदानावर १ कोटी १३ लाख लिटर पाणी पडते. ते गटारातून समुद्रात वाहून जाते. उन्हाळ्यात त्याच मैदानासाठी टँकर मागवावे लागतात. म्हणून विहिरी.

जिरवण्याची विहीर अशी असते. खड्डा खणून त्यात सिमेंटची कडी एकावर एक उतरवतात. पाणी येण्याच्या वाटेवर आधी मोठे दगड, मग खडी, मग वाळू असे थर देतात. गढूळ पाणी या थरांतून गाळून खाली जाते आणि जमिनीत मुरते. हे थर दरवर्षी पावसाआधी काढून धुवावे लागतात. न धुतले तर गाळाने तोंड बुजते आणि विहीर नुसती नावाला राहते. आपल्याकडे बांधायला पैसे मिळतात, धुवायला मिळत नाहीत. तेव्हा रहिवाशांनी विहिरी किती बांधल्या हे विचारलेच पाहिजे, पण त्या मागच्या वर्षी केव्हा साफ केल्या हे आधी विचारावे.

समुद्राजवळच्या जमिनीची आणखी एक गोष्ट आहे. तिथे जमिनीखाली पावसाचे गोडे पाणी वर असते आणि समुद्राचे खारे पाणी त्याच्या खाली असते. गोडे पाणी हलके, म्हणून ते वर तरंगते. मुरते त्याहून जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. मग फवाऱ्यातून खारे पाणी पडले की गवत जळून जाते. म्हणून विहीर आहे तेवढे उपसू असे चालत नाही.

मग उपाय काय? माती धरून ठेवायला गवतासारखे दुसरे काही नाही, हे कोणीही शेतकरी सांगेल. बांधावर गवत असले की बांध फुटत नाही. मैदानाला लागणारे गवत म्हणजे आपली हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा, त्याच ह्या. शेतात शिरली की शेतकरी तिला शिव्या देतो, कारण ती काही केल्या मरत नाही. जमिनीवर सरपटत जाते आणि पेरापेराला मुळे धरते. शेतात ज्या गुणाने ती छळते, त्याच गुणाने मैदानावर ती कामाची ठरते. मात्र तिला ऊन लागते. कडेच्या मोठ्या झाडांच्या सावलीत ती धरत नाही. आणि कोवळी असताना तिला विश्रांती लागते.

इथेच खरी अडचण आहे. हरळी लावायची वेळ पावसाच्या सुरुवातीची. जून-जुलैत लावली तर दसऱ्यापर्यंत मुळे पक्की होतात. पण पावसात क्रिकेट बंद झाले की पोरे चिखलात फुटबॉल खेळतात! बुटाच्या एका घसरणीला हातभर गवत उपटून येते. बरे, पोरांना हटकावे तर ती जाणार कुठे? दादर-माहीम भागात दुसरे एवढे मैदान नाही. घरात दोन खोल्या, चाळीत गॅलरी, खाली गाड्या. पोराला पळायला एवढीच जागा आहे.

म्हणून माती आणि गवत या गोष्टी सोप्या नाहीत. त्यांवर ज्याची त्याची बाजू आहे. कडेला राहणारा म्हणतो, धूळ थांबवा, मग वाटेल ते करा. शिकवणारा म्हणतो, खेळपट्टीला हात लावू नका, मुलांचे वर्ष जाईल. फिरायला येणारा म्हणतो, चालायची वाट तेवढी चांगली करा. आणि जो रोज येत नाही, वर्षातून एकदाच लांबून येतो, त्याला तर कोणी विचारतच नाही. ६ डिसेंबरला लाखो माणसे बाबासाहेबांना वंदन करायला येतात. पालिका त्यांच्यासाठी याच मैदानावर मंडप, पाणी, शौचालये यांची सोय करते. गवत जपायचे म्हणून उद्या कोणी म्हणाले की मैदान डिसेंबरात बंद, तर ते चालणार नाही. आमच्या मते मैदान सुधारण्याची कोणतीही योजना आधी या प्रश्नावर तपासावी.

आमचे मत विचाराल तर, मैदानाचे चार भाग पाडावेत आणि दरवर्षी पावसाळ्यात एकाच भागाला विश्रांती द्यावी. चार वर्षांत सगळे मैदान धरेल. तीन भाग खेळायला मोकळे राहतील. शेतकरी शेत पड ठेवतो तसेच हे. यात उद्घाटनाचा मोठा समारंभ होत नाही, म्हणून ही रीत कोणाला आवडत नसावी. सगळी माती एकदम खरवडून काढणे हे मात्र आम्हांला पटत नाही. खरवडताना जो धुरळा उडेल तो उडेलच, शिवाय मैदान खोल झाले की पावसात त्याचे तळे होईल. मग पुन्हा भरणी आली. भरणी आली की माती आली.

दुरुस्ती म्हटले की लोकांना आणखी एक भीती वाटते. मैदान चांगले झाले की त्याला कुंपण पडेल, आणि कुंपण पडले की दारावर माणूस बसेल. ही भीती उगीच नाही. चर्चगेटजवळच्या ओव्हल मैदानाची एके काळी दुर्दशा झाली होती. १९९० च्या दशकात तिथल्या रहिवाशांनीच पुढाकार घेतला, कोर्टात गेले, मैदान साफ करून घेतले. आज तिथे हिरवळ आहे. पण भोवती कुंपण आहे आणि वेळा ठरलेल्या आहेत. काहींना ते पटते, काहींना पटत नाही. २०१६ साली मुंबईतली मोकळी मैदाने खाजगी संस्थांना सांभाळायला देण्याचे धोरण आले, तेव्हा एवढा गलका झाला की ते थांबवावे लागले. शिवाजी पार्कचे रहिवासी स्वतःही कोर्टात गेलेले आहेत. तिथल्या आवाजाविरुद्ध त्यांनी दाद मागितली, आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने तो भाग शांतता क्षेत्र ठरवला. म्हणजे इथले लोक नुसते कुरकुरणारे नाहीत. कायदा कसा वापरायचा हे त्यांना ठाऊक आहे.

कुत्र्यांचाही प्रश्न निघतो. कोणी पाळलेला कुत्रा फिरवायला आणतो, आणि भटके कुत्रे तर गार मातीत पडलेले असतातच. लहान मुलांचे आईबाप घाबरतात. परदेशात यावर कुत्र्यांसाठी वेगळे कुंपणाचे मैदान करतात. अमेरिकेत बर्कले शहरात असे मैदान १९७९ साली झाले. आपल्याकडे २०२३ च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी करून, लस टोचून, त्यांना होते तिथेच परत सोडायचे असते. खाऊ घालायची जागा मात्र मुलांच्या खेळाच्या जागेपासून दूर ठरवायची असते. नियम चांगला आहे. जागा ठरवणारे हवेत. पाळलेल्या कुत्र्याची घाण मात्र ज्याचा कुत्रा त्यानेच उचलावी. यात पालिकेची वाट बघायची काय गरज?

आता तक्रार कोणाकडे न्यायची? पूर्वी लोक नगरसेवकाचे दार ठोठावत. पण मुंबई महापालिकेची मुदत २०२२ च्या मार्चमध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारीत. जवळजवळ चार वर्षे शहराला नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार अधिकाऱ्यांच्या हाती होता. धुरळ्याचा वाद याच काळात पेटला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ज्याला पुन्हा मत मागायला यायचे नसते, त्याला तुमच्या खिडकीतली धूळ दिसायला जरा वेळ लागतो.

तरी एक वाट तेव्हाही होती आणि आताही आहे. २००५ सालचा माहितीचा अधिकार कायदा. दहा रुपये फी भरायची आणि साध्या कागदावर अर्ज लिहायचा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, दाखला जोडला की झाले. अर्ज मराठीत चालतो. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि साधारण दीडशे शब्दांत तो मांडावा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. नाही आले तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

अर्जात 'धूळ का उडते?' असे विचारू नये. त्याचे उत्तर कार्यालय देणार नाही, कारण कायदा कागद मागण्याचा आहे, मत मागण्याचा नाही. असे विचारावे: मैदानावर आतापर्यंत किती माती टाकली, कोणत्या तारखांना आणि किती खर्चाने, त्या बिलांच्या नकला द्याव्यात. मातीची तपासणी केली असल्यास तिचा अहवाल द्यावा. जिरवण विहिरी कोणत्या तारखांना साफ केल्या त्याची नोंद द्यावी. फवाऱ्याच्या पाण्यातला खार तपासला असल्यास तो कागद द्यावा. जे तुम्ही दादरला विचाराल तेच तुमच्या गावच्या शाळेच्या पटांगणाबद्दल ग्रामपंचायतीलाही विचारता येते. तिथेही हाच कायदा लागतो.

अर्ज केव्हा टाकावा, हेही सांगून ठेवतो. धुरळा उडू लागला की सगळे अर्ज लिहायला बसतात. तोवर नोव्हेंबर-डिसेंबर उजाडलेला असतो. उत्तराला तीस दिवस आणि अपिलाला आणखी तेवढेच दिवस गेले की फेब्रुवारी येतो. हरळी लावायला पुढचा पाऊस येईपर्यंत थांबावे लागते. म्हणून अर्ज मार्चमध्ये टाकावा. एप्रिल-मेमध्ये कागद हाती येतात, विहिरी धुवायला महिना मिळतो, आणि गवताची रोपे जूनच्या पहिल्या पावसाला तयार ठेवायला सांगता येते.